जगतापांचं 'कृष्णविवर' आणि खासगी रॉकेट

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप यांच्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिली होती. नारळीकरांची कल्पना विज्ञानाचे नियम धरूनच झेप घेते, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं.

हे नियम खऱ्या रॉकेटच्या उदाहरणातून पाहू. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून 'विक्रम-एस' हे भारतीय खासगी कंपनीचं पहिलं रॉकेट ८९.५ किलोमीटर उंच गेलं. पृथ्वीभोवती फिरत राहायला मात्र सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेग हवा. मग इंधन किती, पैसा कुणाचा? अवकाशकथा वाचताना हे जरूर विचारा. तरुण वाचकांनो, सुरुवात नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' या कथासंग्रहापासून करा.