घटक राज्याला फुटून निघण्याचा हक्क आहे काय?
(वढू बुद्रुक येथे दिलेले भाषण)



संघराज्यातील एखाद्या राज्याला वाटेल तेव्हा त्यातून बाहेर पडता येते काय, हा प्रश्न सीमावादाची चर्चा निघाली की हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा रागात असतो. दिल्ली ऐकत नसेल तर तिच्याबरोबर राहावे तरी कशाला, असा त्याचा रोख असतो. भारतीय राज्यघटनेपुरते याचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. परंतु ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर गेल्या त्यांना या नकाराचा उपयोग काय, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम आपल्या गावाकडेच पाहा. भीमेकाठचे हे वढू इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात होते. 1950 साली ते मुंबई राज्यात आले, 1 नोव्हेंबर 1956 रोजी विशाल द्वैभाषिकात गेले आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात मोडू लागले. गाव जागचे हलले नाही; गावकऱ्याच्या भारतीय नागरिकत्वालाही धक्का लागला नाही. घटनेच्या कलम 3 अन्वये राज्याची सीमा, नाव, किंबहुना त्याचे अस्तित्वही बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. ज्याची सीमा दुसऱ्याने आखावयाची, त्याने सार्वभौमत्वाचा दावा कोणत्या आधारावर करावा?

4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना पूज्य बाबासाहेबांनी याचा स्पष्ट खुलासा केला होता. भारताचे संघराज्य हे राज्याराज्यांनी आपसांत केलेल्या कराराचे फळ नाही. म्हणून ते मोडण्याचा हक्कही कोणा राज्याला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. कलम 1 मधील 'राज्यांचा संघ' ही शब्दयोजना याचसाठी आहे. अमेरिकेला जी गोष्ट यादवी युद्ध करून ठरवावी लागली, ती आपण आरंभीच ठरवून टाकलेली बरी, असा त्यांचा दूरदर्शी विचार होता.

त्या युद्धाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. 1860 च्या डिसेंबरात दक्षिण कॅरोलायना हे राज्य प्रथम फुटले आणि पाहता पाहता अकरा राज्यांनी वेगळा संघ काढला. त्यांच्या ओठांवर भाषा होती राज्यांच्या हक्कांची. हक्क कोणता? माणसे विकत घेण्याचा आणि विकण्याचा! त्या राज्यांतील लक्षावधी गुलामांना, तुम्हांला फुटून जावयाचे आहे काय, असे कोणी विचारले नाही. चार वर्षे रक्त सांडल्यावर 1865 साली तो संघ कोसळला आणि 1869 साली टेक्सासच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संघ अभंग असल्याचा निर्णय दिला. जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तो उगाच नव्हे.

सोव्हिएत रशियाच्या घटनेत मात्र फुटून निघण्याचा हक्क लेखी होता. एकपक्षीय सत्तेखाली तो कित्येक दशके कागदावरच राहिला आणि 1991 साली ते संघराज्यच विलयास गेले.

आता बेळगावचे पाहू. 1956 साली तेथील मराठी भाषकांना म्हैसूर राज्यात घालण्यात आले. त्यांचे दुःख खरे आहे. ते खोटे म्हणणारा मी नव्हे. पण त्यांची मागणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येण्याची आहे, भारताबाहेर जाण्याची नाही. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो कलम 131 च्या आधारे. घरातील वाटणीचा वाद घरातच मांडला गेला.

यावर आपल्यापैकी कोणी असा आक्षेप घेईल : 1956 च्या धर्मांतरानंतर आमच्या सवलती दिल्लीने नाकारल्या आणि महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या चालू ठेवल्या, मग आम्ही राज्याची बाजू का घेऊ नये? आक्षेप बिनतोड वाटतो, आणि वस्तुस्थिती तशीच होती. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास 1990 साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे हा काही थोडा काळ नव्हे. तथापि तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी दिलेली सवलत पुढचे राज्यकर्ते काढून घेऊ शकतात. एकेका भाषिक राज्यात एकाच बहुसंख्य जातीचा वरचष्मा होईल, हा धोका बाबासाहेबांनी 1955 सालीच दाखविला होता. राज्य फुटून निघाले तर निर्णय त्या बहुसंख्येचा, आणि तिच्यामागे फरफट आपली. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. मूलभूत हक्क डावलला गेला तर कलम 32 ने थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते. फुटलेल्या राज्यातील माणसाला ही दोन्ही कलमे मागेच ठेवून जावे लागेल. त्यांच्या जागी नवी कलमे कोण लिहील आणि ती लिहिताना आपल्या वस्तीचे मत कोण विचारील?

कलम 32 खालील अर्ज कसा करतात, हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. नमुना मी बरोबर आणला आहे.