जवारी काढण्याआधी



माझी पहिली विनंती मागे भिंतीला टेकून बसलेल्या मिरजेच्या कारागीर बंधूंना आहे. तुम्ही पुढे येऊन बसा. या दोन दिवसांत ज्या वाद्यांविषयी आपण बोलणार आहोत, ती कुणी तरी तुमच्यासारख्या माणसाने घडवली आहेत. ती आजवर टिकली, तीही तुमच्यासारख्यांच्याच हातांनी. (थोडा वेळ गेला तरी चालेल. आपण थांबू.)

हे संमेलन मिरजेत भरले, याचा मला मनापासून आनंद आहे. एकोणिसाव्या शतकात इथले शिकलगार तलवारींना धार लावता लावता तंतुवाद्यांकडे वळले आणि फरीदसाहेबांच्या हातून या गावाला नवा धंदा मिळाला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथे विद्या दिली, विष्णु दिगंबर पलुस्करांनी ती इथेच घेतली. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले आणि 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाल्यावर त्यांना याच गावच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आणले गेले. खाँसाहेबांचा तंबोऱ्यावरचा कान प्रसिद्ध होता आणि वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हातही चांगला होता. गवई आणि कारागीर एकाच माणसात नांदत असल्याचे असे दुसरे उदाहरण मला सहज आठवत नाही.

आता माझ्या मनाला लागून राहिलेली एक गोष्ट सांगतो. माझ्या गुरुजींची तंबोऱ्यांची जोडी होती. त्यातल्या एका तंबोऱ्याच्या दांडीवर, आंगठा टेकतो त्या जागी, पॉलिश पूर्ण उडून तळहाताएवढा भाग काळसर, गुळगुळीत झाला होता. ती जागा पन्नास वर्षांच्या रियाजाने तयार झालेली. भोपळ्याला एक जुनी चीर होती, ती सरेस आणि कापडाची पट्टी लावून सांधलेली. गुरुजी गेल्यावर घरच्यांनी ती जोडी एका संस्थेला दिली. संस्थेने ती आदरानेच घेतली, आणि आदरापोटीच दुरुस्तीला पाठवली. काही वर्षांनी मी पाहायला गेलो. काचेआड दोन झगझगीत तंबोरे उभे होते. तबली नवी, घोडी नवी, खुंट्या नव्या, दांडीवर आरशासारखे पॉलिश. आंगठ्याची जागा घासून सपाट केली होती. पाटीवर गुरुजींचे नाव ठळक अक्षरांत होते. वाद्य मात्र त्यांचे राहिले नव्हते.

यात कुणाचा दोष काढावा, असे मला तेव्हाही वाटले नाही. कारागिराला सांगितले होते, नव्यासारखे करून द्या. त्याने दिले. कसे सांगायचे, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. हेच आज मला बोलायचे आहे.

वाद्यांचे संग्रह दोन तऱ्हांचे असतात. पहिल्या तऱ्हेत वाद्याचा प्रकार दाखवायचा असतो. सौरींद्र मोहन टागोरांनी 1876 च्या सुमारास बेल्जियमच्या राजाला शंभरएक भारतीय वाद्ये पाठवली. ती आज ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहेत. आपल्या पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघर हिंडून वस्तू जमवल्या, त्यांत वाद्यांचे स्वतंत्र दालन होईल इतकी वाद्ये आली. 1975 मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. अशा संग्रहात सारंगी कशी असते, रुद्रवीणा कशी असते, हे कळले पाहिजे. तिथे एखादी खुंटी बदलली तर फार बिघडत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत वाद्य एका माणसाचे असते. ग्वाल्हेरला हाफिज अली खाँसाहेबांच्या वाडवडिलांच्या घरात अमजद अली खाँसाहेबांनी ‘सरोद घर’ उभे केले. पंडित रविशंकरांची एक सतार त्यांच्या कुटुंबीयांनी 2017 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिली. ही वाद्ये पाहायला येणारा माणूस सरोद म्हणजे काय, हे विचारत नाही. त्या हातांनी याचे काय केले, हे त्याला पाहायचे असते. ते सगळे झिजेत असते. मींड ओढून ओढून सतारीच्या पडद्यांवर चरी पडतात. कुठल्या पडद्यावर जास्त, कुठल्यावर कमी, यावरून त्या वादकाचा हात कुठे रमत होता, ते जाणकाराला वाचता येते. पेटीच्या पट्ट्या मध्ये खोलगट होतात. तंबोऱ्याच्या घोडीखाली तबली किंचित दबते. ही झीज पुसली की उरते ते लाकूड.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे जवारी. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण तो बारीक उताराचा असतो. तार त्यावर घासत, टेकत, सुटत राहते आणि सुताचा दोरा योग्य जागी सरकवला की तो भरगच्च, गुंजणारा नाद येतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या याच घोडीवर लिहिले. टोकदार आधारावर ताणलेल्या तारेचे जे नियम पुस्तकांत होते, ते इथे लागू पडत नाहीत, हे त्यांनी दाखवले. किराणा घराण्याच्या गवयाला कशी जवारी हवी असे आणि ग्वाल्हेर घराण्याच्या गवयाला कशी, याचा पुरावा त्या दोन-अडीच इंचांच्या तुकड्यावर कोरलेला असतो. कानशीचे चार हात फिरले की तो गेला. तो पुन्हा मिळत नाही.

मग काय, वाद्याला हात लावायचाच नाही? असे मी म्हणत नाही. तारा पूर्ण उतरवून ठेवलेले वाद्यही बिघडते, पूर्ण चढवलेलेही बिघडते. अर्ध्या ताणावर ठेवावे, हे इथल्या वयस्कर कारागिरांनी मला शिकवले, आणि पुढे वाचलेल्या पुस्तकांत मला याहून शहाणे काही सापडले नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात हवा ओली होते, तेवढ्याने भोपळा लगेच फुटत नाही. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, या रोजच्या हिसक्याने सांधे सुटतात. ज्या संस्थेला यंत्र चोवीस तास चालवणे परवडत नाही, तिने ते मुळीच लावू नये. जाड भिंतींची, उन्हापासून दूरची खोली आणि सुती गवसणी यांनी निम्मे काम होते.

वाजवावे की मूक ठेवावे, हा वाद या व्यासपीठावर उद्या रंगणार आहे. माझे मत आजच सांगून ठेवतो. ज्याचे सांधे धड आहेत, ते वाद्य वर्षातून एकदा, त्या घराण्याच्या जाणत्या शिष्याने, होत्या त्याच जवारीवर छेडावे आणि त्याचे ध्वनिमुद्रण करावे. जे थकले आहे, त्याला विश्रांती द्यावी. पण त्याची माप-न्-माप हुबेहूब प्रतिकृती मिरजेत करून घ्यावी. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचाच, लाकूड त्याच जातीचे. ती प्रतिकृती दालनात उघडी ठेवावी आणि आलेल्या प्रत्येक मुलाला तिच्यावर बोट फिरवू द्यावे. काचेपलीकडचा तंबोरा पाहून मुलाला षड्ज कळत नाही.

पाट्यांबद्दल मला रागाने बोलावेसे वाटते. रविशंकरांची ती सतार नोदू मल्लिक यांनी 1961 मध्ये बनवली, हे लंडनच्या नोंदीत आहे. आपल्या किती दालनांत कारागिराचे नाव आहे? कलावंताचे असते, देणगीदाराचे तर असतेच. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे गावाचे नाव कायद्याने जपले गेले. माणसाचे नाव जपायला कायदा लागू नये.

उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनया आठवतात. चांदीच्या, मानाने भेट मिळालेल्या. 2016 च्या डिसेंबरात वाराणसीतल्या घरातून त्या चोरीला गेल्या. पोलिसांच्या हाती लागली ती बरीचशी वितळवलेली चांदी. त्या सनयांचे मोल बाजाराने वजनावर ठरवले, कारण त्यांची दुसरी कुठली किंमत कुठल्याही वहीत लिहिलेली नव्हती. खाँसाहेब भारतरत्न होते. ज्यांना कुठलाच किताब मिळाला नाही, अशा गवयांची, साथीदारांची, कीर्तनकारांची वाद्ये आज माळ्यांवर आणि पलंगांखाली आहेत. त्यांचे काय होत असेल, याचा विचार करवत नाही.

म्हणून सरकारकडे मोठी इमारत मागण्याआधी मी आपल्याकडे एक छोटी गोष्ट मागतो. सभामंडपाच्या दाराशी टेबलावर एक जाड वही ठेवली आहे. आपल्या घरात, आपल्या गुरूंच्या घरात, शेजारच्या देवळात जुने वाद्य असेल, तर जाण्याआधी त्यात लिहा : वाद्य कोणाचे, कोणी घडवले, तारांचे नंबर काय, शेवटची दुरुस्ती कधी आणि कोणाकडून. ठाऊक नसेल तो रकाना कोरा सोडा, पण नाव लिहा. आणि घरी गेल्यावर ते वाद्य दुरुस्तीला द्यायचे ठरले असेल, तर कारागिराने कानस हातात घेण्याआधी घोडीचा, दांडीचा आणि आंगठ्याच्या जागेचा फोटो काढून ठेवा.