कात्री लावण्याआधी झाड सुधारा

गटाच्या रोपवाटिकेत गुलाब-मोगऱ्याबरोबर वडाचं, उंबराचं बोन्साय करायचं, तर झाडामागे वर्षानुवर्षांची मेहनत असते. असं झाड मलूल दिसू लागलं, की ‘छाटलं म्हणजे फुटेल’ म्हणून आपण कात्री हातात घेतो. आणि तिथेच झाड हातचं जातं.

अंगात रक्त कमी असेल, तर डॉक्टर आधी रक्त वाढवतात, मग मोठं ऑपरेशन करतात. झाडाचंही तसंच. छाटल्यावर नवी फूट येते ती खोडात, मुळांत साठलेल्या अन्नावर. ते अन्न तयार करतात पानं. पानं मोजकी, साठा संपलेला, त्यात छाटणी केली तर झाड फुटणार कशावर?

म्हणून आधी नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं, तर फांदी जिवंत आहे. मग कुंडी बघा. पाणी वर तुंबतं का? खालचं भोक बुजलंय का? मातीला आंबूस वास येतो का? दुखणं बरेचदा तिथेच असतं.

मुळं कुजली असतील, तर कुजलेली तेवढीच काढा. चांगली असतील, तर गड्डा न फोडता झाड मोठ्या कुंडीत बसवा. भोवती दोन भाग विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग गांडूळखत भरा. आवळलेली तार सोडवा. आठ-दहा दिवस सकाळचं कोवळं ऊन द्या, मग हळूहळू वाढवा. वरची माती सुकली, की भरपूर पाणी द्या. रोज शिंपडत बसू नका. आजारी झाडाला वरून जादा खत नको. नवी फूट आली, की पंधरा दिवसांनी थोडं थोडं द्या.

आणि शेंडे खुडू नका. आकार बिघडेल, बिघडू द्या. जितकी पानं, तितकी ताकद.

याला एक पावसाळा लागेल, कधी दोनही. सगळ्या फांद्यांना जोमदार फूट आली, पानं गर्द झाली, की पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी स्वच्छ कात्रीने छाटा. चीक पुसून मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. त्या वेळी मुळांना मात्र हात लावू नका.

आजच गटातली मलूल झाडं वेगळी काढा आणि कुंडीला लाल चिंधी बांधा. चिंधी आहे तोवर कात्री नाही, एवढं सगळ्याजणींनी ठरवा.