मातेचा पहिला सन्मान



नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात सिंधुताई सपकाळ यांना ‘पद्मश्री’ पुरस्कार प्रदान करण्यात आला, तेव्हा शासनाने एका मातेचाच गौरव केला. अनाथ बालकांना त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले; म्हणून अवघा महाराष्ट्र त्यांना ‘माई’ म्हणत असे. त्यानंतर दोनच महिन्यांत, ४ जानेवारी २०२२ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या याच माईंना गरोदरपणी घराबाहेर काढण्यात आले होते. गोठ्यात एकट्याच त्या प्रसूत झाल्या. त्या घटकेला जवळ ना सुईण होती, ना डॉक्टर. माई त्या गोठ्यातून राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचल्या. कित्येकींची वाट मात्र गोठ्याशीच संपली असेल.

शासनाने मातेचा गौरव अवश्य करावा. परंतु तो बहुधा उतारवयात होतो. प्रसूतीची वेळ थांबत नाही. त्या वेळी तिला स्वच्छ खाट, रक्ताची सोय आणि धीराचा शब्द मिळावा, हे आपल्यासारख्या संस्थांचे कर्तव्य होय. आपली देणगी याच कामी येते. मातेचा पहिला सन्मान आम्ही तोच मानतो.