माप कोणाचे घ्यावे?



आठवीत शाळा सुटलेला माणूस संगणकावर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण कामगार-चळवळीत मी तीस वर्षे एकच प्रश्न विचारीत आलो : प्रत्यक्ष काम कोण करणार, आणि त्याची परिस्थिती तुम्ही पाहिली काय? तोच प्रश्न मला एकदा संगणकापुढे विचारावा लागला.

एका ओतशाळेतील उष्णतेची नोंद ठेवावी म्हणून आमच्या पोरांनी तेथे एक लहानसे ३२ बिटी एआरएम यंत्र बसविले. प्रोग्रॅम मात्र युनियनच्या ६४ बिटी लिनक्स संगणकावर तयार केला. एका यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम घडविणे, याला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. 'लाँग' हा आकडा किती बाइटचा, हे आमच्यातल्याच एकाने लिहिलेल्या स्क्रिप्टने ऑफिसच्या संगणकाला विचारले. उत्तर आले ८. भट्टीजवळच्या यंत्रात तो होता ४! नोंदी वेड्यावाकड्या निघाल्या, व्यवस्थापनाने त्या बाजूला सारल्या, आणि खोटे पडले ते भट्टीपुढचे कामगार. शिंप्याने गिऱ्हाइकाचा सदरा स्वतःच्या अंगावर घालून पाहावा, तसा हा प्रकार.

मग परके यंत्र ओळखावयाचे कसे? "चालवून पाहा, चालला तर घरचा," ही पद्धत फसवी आहे. ६४ बिटी इंटेल संगणकावर ३२ बिटी प्रोग्रॅमही बहुधा चालतो. क्यूएमू हा नकलाकार बसविलेला असला, तर एआरएमचासुद्धा चालतो. म्हणून स्पष्ट सांगणेच बरे. ऑटोकॉन्फमध्ये 'बिल्ड' म्हणजे जेथे घडते ते यंत्र आणि 'होस्ट' म्हणजे जेथे चालावयाचे ते, अशी दोन नावे देता येतात. सीमेकमध्ये टूलचेन फाइल आणि मेसनमध्ये क्रॉस फाइल हेच काम करते.

दुसरे असे, की न चालविताही माप घेता येते. "आकडा ४ बाइटचा नसेल, तर या ॲरेची लांबी उणे," असे लिहून क्रॉस-कंपायलरपुढे ठेवावे. अंदाज चुकला, की तो कंपाइल करण्याचेच नाकारतो.

तिसरे, बांधणीच्या वेळी लागणारी हत्यारे घरच्या कंपायलरने घडवावीत. पाठवावयाचा माल क्रॉस-कंपायलरने, आणि लायब्ऱ्याही त्याच यंत्राच्या घ्याव्यात. आणि उत्तर कळत नसेल, तेथे साधनाने गुपचूप अंदाज न बांधता थांबावे व माणसाला विचारावे.

आम्ही दोन्ही यंत्रांची नावे लिहून पुन्हा बांधणी केली. त्यानंतरच्या नोंदी बैठकीत कोणालाही नाकारता आल्या नाहीत.