नंदीच्या पायथ्याचे द्राक्षमळे



मंडळाच्या सहलीसाठी यंदा नंदीच्या पायथ्याचे द्राक्षमळे व तेथील वाइनरी पाहावी, अशी सूचना आली आणि सभासदांत दोन तट पडले. मुलाबाळांना घेऊन मद्याच्या कारखान्यात जावयाचे काय, हा ज्येष्ठांचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 2022 साली महाराष्ट्र शासनाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा केवढे वादळ उठले आणि तो निर्णय अमलात कसा आलाच नाही, हे आपण जाणता. वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद त्या वेळी पुष्कळांनी केला. मला तो पटत नाही. आंबलेल्या रसात मद्यार्क असतो; निराळे नाव दिल्याने तो नाहीसा होत नाही. परंतु मळा पाहावयाचा तर पेला हाती घेतलाच पाहिजे, असे थोडेच आहे?

आपल्यांपैकी ज्यांची माहेरे वा आजोळे नाशिक, सांगली, सोलापूरकडची आहेत, त्यांना एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी समजावून सांगावयास नको. तिकडे वेल दोनदा छाटतात, पीक मात्र एकदाच घेतात. इकडची जुनी द्राक्षे म्हणजे बंगळूर ब्लू. काळसर निळी, जाड सालीची, बियांची आणि उग्र वासाची. या वेलीपासून वर्षातून दोन पिके घेतात. युरोपात थंडीच्या दिवसांत वेल झोपी जाते. आपल्याकडे तिला झोप अशी नाहीच. ऋतू बदलल्याचे तिला माळ्याच्या कात्रीवरूनच कळते.

या ब्लूला 2013 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मान मिळाला खरा, पण उंची वाइनच्या पंगतीत तिला पाट नाही. ती जाते रसात, जॅममध्ये, फार तर ‘पोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड वाइनमध्ये. कंवल ग्रोव्हर यांनी 1988 साली दोड्डबळ्ळापूरजवळ, नंदीच्या छायेत मळे लावले ते फ्रेंच जातींचे. त्यांच्या जोडीला शॅम्पेन प्रांतातील जॉर्ज व्हेसेल होते. आपले श्यामराव चौगुलेही त्याच दशकात नारायणगावी फ्रेंचांच्या साहाय्याने फेसाळ वाइन करू लागले होते. ग्रोव्हरांचा व्यवसाय 2012 साली नाशिककडील एका वाइनरीशी जोडला गेला, तेव्हा आपल्या माहेरचा धागा इथवर आलेलाच आहे.

वाइनरीत पाहण्यासारखे पुष्कळ असते. तांबड्या वाइनचा रस सालींसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो. पांढरीसाठी द्राक्षे आधीच पिळून घेतात. मोठमोठ्या पोलादी टाक्या थंड ठेवाव्या लागतात, नाही तर आंबण्याच्या उष्णतेने वास उडून जातो. पुढे ओकच्या पिंपांचे अंधारे दालन लागते. शेवटी चवीचा कार्यक्रम असतो आणि तेथे मार्गदर्शक पेल्यात चेरी व ब्लॅकबेरी यांचे वास शोधावयास सांगतो. करवंद किंवा जांभूळ म्हटले असते तर आमच्या मंडळींना चटकन उमगले असते!

द्राक्षांवाचूनही हे साधते. डहाणू-घोलवडचा चिकू पिकला की चार-सहा दिवसांत उतरतो. बोर्डीला त्या चिकूची वाइन करणारी छोटी वाइनरी निघाली, तेव्हा फळाला बाजाराखेरीज दुसरी वाट मिळाली. चिकूचा गर दाट, त्यामुळे रस नितळ करणे हेच मोठे काम.

ब्लूला अशी वाट कोण देणार? देवनहळ्ळीचा विमानतळ 2008 साली सुरू झाला आणि भोवतालच्या जमिनीचा भाव द्राक्षांच्या भावाला केव्हाच मागे टाकून गेला. मांडव ठेवावा की भूखंड पाडून विकावेत, हा तेथील बागायतदाराच्या घरातला प्रश्न आहे. म्हणून वाइनरीत गेलात तर ब्लूचे तुम्ही काय करता, एवढे आवर्जून विचारा. दहा सहली तेच विचारू लागल्या तर मालकाला उत्तर शोधणे भाग पडेल, असे मला वाटते.

सहल फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवावी, वाइनची द्राक्षे तेव्हा उतरतात. आधी कळवून जावे आणि सकाळी लवकर निघावे. ऊन चढले की तोडणी थांबते. परतताना रस्त्याच्या कडेला ब्लूच्या करंड्या घेऊन कोणी बसले असेल तर किलोभर घ्या. आणि बिया आहेत म्हणून घासाघीस करू नका.