खोली कोणाच्या नावावर?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वर्धापनदिन आहे, तरी मी गोड बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या छपराविषयी.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे काय झाले ते सांगायला नको. गिरण्या गेल्या, आणि गिरणगावातली खोली विकून कितीतरी कुटुंबे कल्याणच्या पुढे सरकली. कोणी आंबिवलीला उतरले, कोणी टिटवाळ्याला. आलेल्या पैशात मांडा नाहीतर बनेलीकडे चाळीत एक खोली, उरलेल्यात पोरीचे लग्न. मीही गिरणीतलाच माणूस, हा हिशोब मला तोंडपाठ आहे.

तो कामगार आज सत्तरी ओलांडून गेला. त्याची सगळी मिळकत म्हणजे ही खोली. मग एक दिवस मुलगा म्हणतो, "बाबा, कर्ज काढायचंय, खोली माझ्या नावावर करा." बाप सही करतो. नाव बदलले की बोलणेही बदलते. आधी बापाची खाट बाहेरच्या पडवीत येते, मग गावाकडे जा म्हणतात. गावाला कोण बसलंय? पण लोक काय म्हणतील म्हणून म्हातारा तोंड उघडत नाही.

बांधवांनो, यासाठी २००७ चा कायदा आहे, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा. त्याचे कलम २३ ध्यानात ठेवा. सांभाळ करण्याच्या अटीवर साठीच्या पुढच्या माणसाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मेख आहे ती अटीत. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी अट होती हे दाखवावे लागेल. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईचे बक्षीसपत्र रद्द केले आणि घराचा ताबा तिला परत द्यायला लावला. तिथे मुलाने सांभाळ करीन असे लिहून दिले होते. तेव्हा प्रेमाने देताय तर द्या, पण अट कागदात लिहून घ्या. माझे विचाराल तर जिवंतपणी देऊच नका, मृत्युपत्र करा. ते हवे तेव्हा बदलता येते.

अर्ज प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणात करायचा. वकील लागत नाही. दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ताही मागता येतो. मात्र हा कायदा सुनेला हाकलायचे हत्यार नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बजावले आहे की, सासरच्या घरात राहण्याचा बाईचा हक्क या कायद्याने पुसला जात नाही. आपल्याकडे सगळा दोष सुनेवर टाकायची खोड आहे. सही मागायला सून नाही, पोटचा पोरगा येतो.

आता दुसरी गोष्ट, जी कोणाला आवडणार नाही. आपल्यातल्या बऱ्याच चाळींना परवानगी नाही. नोटरीचा कागद, लाइटबिल, घरपट्टीची पावती, एवढ्याने खोली अधिकृत होत नाही. महापालिकेचा जेसीबी आला की प्रांतसाहेबांचा हुकूम काही कामाचा नाही. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. तिथल्या लोकांनी बँकेचे कर्ज काढून घरे घेतली होती, रेराचा नंबर बघून. मग आपल्या पत्र्याच्या चाळीचे काय? म्हणून म्हाताऱ्या आईबापाचे फंडाचे पैसे नव्या खोलीत घालण्याआधी महापालिकेत जाऊन परवानगी तपासा. चाळमालकाच्या शब्दावर जाऊ नका, तो आपलाच पाहुणा असला तरी.

शेवटी विहार कमिटीला विनंती. ज्याला स्वतः अर्ज करता येत नाही, त्याच्या वतीने त्याने नेमलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते, हे कलम ५ मध्ये आहे. आपले मंडळ १८६० च्या कायद्याखाली नोंदलेले आहे की नाही, ते आधी कार्यालयातल्या कपाटातून काढून बघा. असेल, तर दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास दोन शिकलेल्या पोरापोरींनी कागद वाचायला बसावे. आधी ज्यांची सही अजून झालेली नाही त्यांचे कागद घ्या.